न झालेली कावीळ

मला कावीळ झाली नव्हती, हे आधी सांगून टाकते. इंदूरजवळ राऊच्या आमच्या जुन्या कॉलनीत आजही दोन-तीन बायका अशा आहेत की मी दिसले की बोलता बोलता त्यांचा हात माझ्या डोळ्याकडे येतो, खालची पापणी ओढून बघायला. चाळिशी आली माझी, शाळेत पोरांना भूगोल शिकवते, चष्मा लागला, तरी त्यांच्या लेखी मी ‘वानखेडेजी की पीलियावाली बिटिया’. पूर्वी भयंकर राग यायचा. आता मी आपली मान वर करून डोळा दाखवते आणि पुढे जाते.

अकरावीच्या त्या वर्षाबद्दल मी कुणाशी धड बोललेले नाही. आठवायला बसलं की पहिल्यांदा कानात येते ती शिटी. आमचं घर रुळांपासून दोन गल्ल्या आत. महूहून इंदूरला जाणारी छोट्या लाईनची गाडी नेमकी स्वयंपाकाच्या वेळेला यायची आणि मम्मीचा कुकरच्या शिट्यांचा हिशोब चुकायचा. “ही आपली शिटी की गाडीची?” असं ती रोज विचारायची आणि रोज डाळ एक तर कच्ची राहायची नाहीतर पार गाळ व्हायची. पप्पा इंदूरला सरकारी कचेरीत बाबू होते. आजोबा महूच्या छावणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, तिथेच राहायचे. समोरच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि त्या तसबिरीखाली माझं अभ्यासाचं टेबल. ते टेबल पप्पांनी मुद्दाम तिथे ठेवलं होतं. आजोबांनी बंदूक धरली, पप्पांनी पेन धरलं, आता मी स्टेथोस्कोप धरायचा, असं ठरलेलं होतं. मला कुणी कधी रागावलं नाही, मारलं तर नाहीच. सगळे माझ्याकडे नुसते मोठ्या आशेने बघायचे. त्यापेक्षा दोन थपडा परवडल्या असत्या.

मला काय होत होतं त्याला तेव्हा माझ्याकडे शब्द नव्हता. इंदूरच्या कोचिंगला जायला सकाळी तयार व्हायचं, तर मोजा पायात घालायला मला अर्धा तास लागायचा. मोजा हातात घेऊन मी पलंगावर बसून राहायची. मग एक दिवस मोजा घातलाच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, ते पडूनच. आंघोळ नको, वेणी नको, केसांचा नुसता गुंता. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती, राग तेवढा येत होता, आणि तोही कुणावर ते कळत नव्हतं. दुपारी पलीकडच्या घरात टीव्हीवर कुणीतरी हसायचं आणि मला वाटायचं, ही माणसं कसली बनलीत यार, यांना हसू तरी कसं येतं? आपण नसलो तर या घरात जरा मोकळं होईल, असंही वाटायला लागलं होतं. हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं कुणाला? मम्मी दाराशी येऊन उभी राहायची, “वैशू, काय होऊन राहिलं तुला, सांग ना,” म्हणायची. मी म्हणायची, “काही नाही.” ती जायची.

कोचिंगच्या सरांचा फोन आला तेव्हा पप्पांना काहीतरी कारण देणं भाग पडलं. पप्पा सरकारी माणूस. त्यांनी बराच विचार करून माझ्यासाठी आजार निवडला. मी पडल्या पडल्या ऐकत होते. टायफॉईड म्हणावं तर रिपोर्ट मागतील. मलेरिया आठवड्यात बरा होतो. कावीळ बरी, महिना-दीड महिना आरामात निघतो, पुढे वाढवताही येते, आणि मुख्य म्हणजे त्यात बदनामी नाही. “कावीळ कुणालाही होते,” ते मम्मीला म्हणाले, “मोठ्या मोठ्या लोकांना होते.” माझ्या खऱ्या आजाराचं नाव आमच्या घरात कुणी काढत नव्हतं. पप्पांच्या मते तो आमच्यासारख्यांना परवडणाराच नव्हता. एवढी दोन पिढ्यांची मेहनत, आणि पोरगी नुसती पडून आहे, हे महूला आजोबांना सांगायचं कसं?

झालं. दुसऱ्या दिवसापासून अख्खी कॉलनी कामाला लागली. शेजारच्या शकुनआंटी रोज सकाळी उसाच्या रसाचा स्टीलचा डबा घेऊन हजर. “पी ले बेटा, पीलिया में येई काम करे,” म्हणत पापणी ओढायच्या, डोळ्यात डोकावायच्या आणि गंभीर होऊन सांगायच्या, “अभी भी पीली है थोड़ी.” आणि गंमत म्हणजे माझे डोळे शकुनआंटींना खरंच पिवळे दिसायचे. कुणी मुळे आणून दिले, कुणी गळ्यात घालायला कसल्याशा काड्यांची माळ पाठवली, पप्पांनी ती माझ्या गळ्यात न घालता कपाटावर टाकली. आणि एवढं सगळं लोक करताहेत म्हटल्यावर मम्मीला माझं पथ्य पाळणं आलंच. हळद बंद, तेल बंद, शेव बंद. अहो, इंदूरच्या माणसाची शेव बंद! घरात सगळ्यांना पोहे, वर शेव, वर जीरावनचा मसाला, आणि मला बिनफोडणीचा दुधीभोपळा. आधी मला वाटलं, लोक बघतात म्हणून असेल. पण कुणी नसतानासुद्धा मम्मी माझी डाळ वेगळी काढायची, पांढरीफटक. एकदा मी चिडून म्हटलं, “मम्मी, मला कावीळ नाहीये!” ती म्हणाली, “हो गं, पण जरा सांभाळलेलं बरं.” खोटं बोलून बोलून तिला ते निम्मंअर्धं खरं वाटायला लागलं होतं बिचारीला.

मला एकच मैत्रीण होती, नीलू. ती आली असती. ती चिवट होती, दाराशी बसून राहिली असती. पण कावीळ एकाची दुसऱ्याला लागते असं तिच्या आईला वाटायचं, तिने नीलूला पाठवलंच नाही. नीलू गल्लीच्या तोंडाशी सायकल थांबवून घंटी वाजवायची, दोनदा, आणि निघून जायची. मला ती घंटी ओळखू यायची. उठून खिडकीत जायचं होतं, रोज ठरवायची, आज जाऊ. घंटी वाजायची, मी पडून राहायची, सायकल जायची. माझ्या आजारात माणूस सगळ्यात जास्त लागतं, आणि आमच्या घरच्यांनी हुडकून हुडकून असा आजार निवडला ज्यात माणसं लांब राहतात. त्या दिवसांइतकं एकटं मला पुढे कधीच वाटलं नाही, पप्पा गेले तेव्हासुद्धा नाही.

तरी पप्पांनी डॉक्टर गाठला होता, हे मी मानलं पाहिजे. पुष्कळ बाप तेवढंही करत नाहीत. कॉलनीतलं कुणी भेटू नये म्हणून शहराच्या पार दुसऱ्या टोकाचा. पप्पांनी कचेरीच्या सवयीने माझी एक फाईल केली होती. सुरेख अक्षरात मुद्दे: झोप, आहार, वर्तणूक, अभ्यास. मला आणि मम्मीला बाहेरच्या बाकावर बसवून ते आत गेले. दार अर्धवट उघडं होतं, पप्पा माझं वाचून दाखवत होते, डॉक्टर हूं हूं करत होते. मग मला आत बोलावलं, डॉक्टरांनी माझी जीभ बघितली आणि पप्पांना म्हणाले, “गोली लिख दी है, टाइम से देना.” मला कुणी काही विचारलं नाही, कसली गोळी तेही सांगितलं नाही. घरी आल्यावर मी ती पट्टी गच्चीतून शकुनआंटींच्या दुधीच्या वेलात फेकून दिली. का फेकली म्हणाल, तर माझ्या हातात करण्यासारखं तेवढंच होतं. मम्मी-पप्पा खोलीत दार लावून बराच वेळ बोलत होते. त्यानंतर गोळीचा विषय निघालाच नाही. मला वाटलं, मी जिंकले.

आता माझं ताट वेगळं, वाटी वेगळी, दलिया वेगळा शिजायचा. कावीळवालीच्या वाटीला कोण हात लावणार? एका सकाळी शकुनआंटी रस घेऊन आल्या, मी नुसता चमचा फिरवत बसले होते. त्यांना वाटलं पोरगी नखरे करते. “लाव, मैं देखूं तो, ऐसा क्या बना दिया तेरी मम्मी ने,” म्हणत त्यांनी माझ्या हातातून वाटी घेतली आणि चमचा भरला. मम्मी ओट्यापाशी होती. ती जी धावली! “नको, नको, आंटी, नहीं!” म्हणत तिने त्यांच्या हातावर चापट मारली. वाटी खाली, दलिया फरशीवर. शकुनआंटी बघतच राहिल्या. मम्मी लाल झाली होती. “जूठा है,” ती म्हणाली, “पीलिया लग जाएगा.” आंटींना पटलं. उलट त्या खूश झाल्या, की बाईला आपली केवढी काळजी. मला मात्र पटलं नाही. मम्मी फडक्याने दलिया पुसत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. ती मला जन्मापासून ओळखते तसं मीही तिला ओळखते. आंटी गेल्यावर मी विचारलं, “यात काय होतं?”

“दलिया होता. अजून काय असणार?”

“मम्मी, माझ्याकडे बघ. यात काय घालून राहिली तू?”

ती बघेना. फडकं पिळत राहिली. “तुझ्या भल्याचंच आहे,” एवढंच म्हणाली.

त्या दिवसापासून मी घरचं खाणं सोडलं. हट्ट म्हणून नाही. मला भीती वाटत होती. केळं खायची, कारण ते सालीत असतं. बिस्किटाचा पुडा खायची, पण स्वतः फोडलेला. पाणी नळाला तोंड लावून. आईच्या हातचं विषासारखं वाटणं काय असतं, ते मी कुणाला समजावू शकत नाही. आणि मम्मी रोज ताट वाढायची, समोर ठेवायची, माझ्यासमोर आधी स्वतः एक घास खाऊन दाखवायची, माझी आई, आणि तरी मी खात नव्हते. घरात आम्ही तिघं होतो आणि तिघं तीन ठिकाणी बसून होतो. आठ-दहा दिवसांनी मी मागच्या अंगणात नळापाशी चक्कर येऊन पडले. शुद्धीवर आले तर पप्पा माझे पाय चोळत होते आणि मोठ्याने रडत होते, शेजारपाजार ऐकेल याची पर्वा न करता.

सलाईन लावणाऱ्या डॉक्टरांनी एका डॉक्टरबाईंचं नाव दिलं, इंदूरला पलासियाकडे बसायच्या. ठेंगण्या, सावळ्या, साडीवर स्वेटर. त्यांनी तिघांनाही आत बोलावलं आणि तिघांना एकाच रांगेत बसवलं. पप्पांनी फाईल उघडली. “ते नंतर बघते हं, साहेब,” बाई म्हणाल्या. इंदुरी मराठी, निम्मी हिंदी. मग माझ्याकडे वळल्या. “हां, बोल. काय झालंय तुला?”

पप्पा म्हणाले, “मॅडम, ती बोलत नाही. दो महीने से...”

“मला घाई नाही,” बाई म्हणाल्या, आणि खरंच हात बांधून बसल्या. पंखा फिरत होता. मम्मी पदराचं टोक गुंडाळत होती. मला कुणीतरी विचारून उत्तराची वाट बघतंय, हे इतकं नवीन होतं की मला काय बोलावं तेच सुचेना. शेवटी तोंडातून जे निघालं ते असं: “मला कावीळ नाहीये.”

“कावीळ?” बाईंनी भुवया वर केल्या. “कावीळ कुठून आली बाई मधेच?” मग पप्पांना सगळं सांगावं लागलं. रस, मुळे, माळ, शकुनआंटी. बाई आधी ऐकत होत्या, मग त्यांना हसू आवरेना. मम्मीही हसायला लागली, आणि हसता हसता तोंडावर पदर घेऊन हमसून हमसून रडली. मी म्हटलं, “हिने मला चोरून औषध दिलं. माझ्या खाण्यात.” मम्मीने पदर बाजूला केला. “सांगून दिलं असतं तर घेतलं असतंस?” ती म्हणाली. “खरं बोल.”

मी विचार केला. “नाही,” म्हटलं.

बाईंनी कुणाचीच बाजू घेतली नाही. मम्मीला पापी ठरवलं नाही, मला हट्टी म्हटलं नाही. त्यांनी कोरा कागद घेतला, गोळीचं नाव लिहिलं, ती कशासाठी, तिने तोंड कोरडं पडेल, पहिले काही दिवस झोप झोप होईल, गुण यायला काही आठवडे लागतील, सगळं मला सांगितलं. कुठल्या त्रासात लगेच फोन करायचा तेही. म्हणाल्या, “बघ, तू सोळा वर्षांची. सही पप्पांची लागणार. पण गिळायची तुला. म्हणून तिघांना पटेल असं काहीतरी ठरवू, नाहीतर माझ्या कागदाला अर्थ नाही. तुला काय पाहिजे?” मी म्हटलं, खाण्यात काही मिसळायचं नाही, गोळी माझ्या हातात द्यायची. आणि नीलूला खरं सांगायचं. पप्पा एकदम म्हणाले, “नीलूला नको. आज नीलूला, उद्या कॉलनीला. मुलीचं पुढे कसं व्हायचं?” यावर बरीच घासाघीस झाली. पप्पा चिडले, मीही ओरडले, दोन महिन्यांत माझा आवाज एवढा निघाला नव्हता. शेवटी ठरलं की कॉलनीत कावीळ राहू द्यायची, नीलूला मी स्वतः सांगायचं. मम्मीला विचारलं तर ती घाबरलीच, तिला असं कुणी विचारायचं नाही. “मला काय,” ती म्हणाली, “तिने माझ्या हातचं जेवावं, बस.” मग बाई पप्पांकडे वळल्या. पप्पा फाईलच्या दोरीशी चाळा करत होते. खाली बघतच म्हणाले, “तिला... नसलेलं बरं, असं काही वाटत असेल, तर तिने सांगावं मला. आधी सांगावं. एवढंच.” म्हणजे त्यांना माहीत होतं. एवढे दिवस मी एकटीच ते घेऊन बसले होते आणि भिंतीपलीकडे ते एकटे तेच घेऊन बसले होते. मी हो म्हटलं.

आमच्या शाळेत हल्ली माझ्या वर्गातली, तेव्हाच्या माझ्यासारखी मुलं येतात माझ्याकडे, आईबाप दोन्ही बाजूंना. मी मुलाला विचारते, बाप उत्तर देतो. मी पुन्हा मुलाला विचारते, आई उत्तर देते. मी चिडते, मग स्वतःवरच चिडते, कारण ते आईबाप किती घाबरलेले असतात ते मला दिसतं.

त्या कागदाने जादू केली असं कुणी समजू नये. तोंड लाकडासारखं कोरडं पडायचं. मम्मी गोळी तळहातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत खिडकीबाहेर बघायची, कारण टक लावून बघायचं नाही असं ठरलं होतं. तिच्या हातचा पहिला घास गिळायला मला बरेच दिवस लागले. नीलूला सांगितलं तर ती आधी रागावली, मला का नाही सांगितलं म्हणून, आणि मग येत राहिली. तरी एकटेपण होतंच. ते गोळीने जात नाही, मैत्रिणीनेही सगळं जात नाही.

मग एक रविवार आला. दुपारची वेळ, मम्मी महूला आजोबांकडे गेलेली. पप्पा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. सकाळपासून माझं डोकं त्याच एका वाटेवर जात होतं, नसलेलं बरं, नसलेलं बरं. सांगायचं ठरलं होतं. पण ठरवणं वेगळं आणि पलंगावरून उठून बापासमोर जाऊन ते म्हणणं वेगळं. माझ्या पलंगापासून त्यांच्या खुर्चीपर्यंत दहा पावलं असतील. पुढे मी पुष्कळ लांबचे प्रवास केले, पण इतकं लांब कुठे चालले नाही. दारात उभी राहिले आणि म्हटलं, “पप्पा, आज वाटतंय.”

काय वाटतंय, हे त्यांनी विचारलं नाही. पेपर खाली ठेवला. मला वाटलं, आता सुरू होईल: आजोबांनी काय काय सोसलं, आपण कुठून कुठे आलो, बाबासाहेबांनी कशात दिवस काढले. सगळं मला पाठ होतं. त्यांचे ओठही हलले. पण ते थांबले. खुर्चीवरून उतरून खाली फरशीवर भिंतीला टेकून बसले, लुंगी सावरली, आणि माझ्याकडे मान वर करून म्हणाले, “मी काय करू, वैशू? तू सांग.”

सोळा वर्षांत पप्पांनी मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. “काही करू नका,” मी म्हटलं, “बोलू नका. नुसतं बसा.”

मी त्यांच्या शेजारी बसले. ते बसून राहिले, एक शब्द न बोलता, मम्मी परत येईपर्यंत.